बायपासच्या आधीचे तीन आठवडे

प्रश्न : माझं वय ५७. दहा वर्षांपासून मधुमेह आहे. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले आणि तीन आठवड्यांनंतरची बायपासची तारीख मिळाली आहे. मुलं म्हणतात, "आई, तू नुसता आराम कर, कसलाही विचार करू नकोस." पण रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. भूल दिल्यावर मी उठलेच नाही तर? दुसरं म्हणजे, मी कित्येक वर्षं मशेरी लावते. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. मुलांसमोर सांगायची लाज वाटते. काय करू?
– एक वाचक, जि. कोल्हापूर

उत्तर :
ताई, आधी मशेरीचं बोलू. ती आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना सांगाच. मशेरीतल्या निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं आणि ती भरायला वेळ लागतो. चार आठवडे आधी सोडली तर उत्तम, पण तीन आठवडेही पुष्कळ कामाचे आहेत. लपवलंत तर आणखी एक अडचण होते. आयसीयूत मशेरी मिळणार नाही. मग डोकं दुखेल, जीव कासावीस होईल, आणि हे कशामुळे होतंय ते तिथल्या कोणालाच कळणार नाही. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय" म्हणा. मुलं बाहेर थांबतील. डॉक्टर हे रोज ऐकतात, त्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग चघळा. निकोटीनचं च्युइंगम मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मशेरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, असं अनेक बायकांचं असतं. तुमचंही असेल तर रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी अशी सवय आत्ताच लावून घ्या. ऑपरेशननंतर वेदनाशामक औषधांनी बद्धकोष्ठ होतं आणि छातीवर टाके असताना कुंथणं फार जड जातं. याच आठवड्यात दातही दाखवून घ्या. हलणारा दात भुलीची नळी घालताना निखळू शकतो, आणि किडलेल्या दातातला जंतुसंसर्ग तसाच घेऊन ऑपरेशनला जाऊ नये.

आता औषधं. सगळी पाकिटं एका पिशवीत भरून दवाखान्यात न्या, नुसती नावं सांगू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा चालू ठेवतात. पण यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, त्याची तारीख सर्जनकडून लिहून घ्या. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे नाव दिसतंय का बघा. ती किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. कुठली गोळी बंद करून तिच्या जागी काय घ्यायचं, तेही विचारा. आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी घेतलेल्या पुड्या, सगळं सांगा. त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) आणि हिमोग्लोबिन किती आहे ते विचारून वहीत लिहा. एचबीएवनसी आठच्या वर असेल तर छातीच्या जखमेत पू होण्याची भीती वाढते, म्हणून या तीन आठवड्यांत शुगर रोज तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाचं इंजेक्शन किंवा सलाईन देता येईल का, ते आत्ताच विचारा. आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. एकादशी, चतुर्थीचे उपास सध्या सोडा. तुमचं वजन साठच्या आसपास असेल तर दिवसाला सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. भाकरी-भाजीवर हा हिशेब पुरा होत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

सगळ्यात जास्त मेहनत फुप्फुसांवर घ्या. बायपासनंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. तीन बॉलचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाचा व्यायाम करायचं साधन, औषधाच्या दुकानात मिळतं. ते आजच आणा, पण वापरायला सुरुवात फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करा. बहुतेक जण त्यात फुंकर मारतात, आणि फुंकर मारून काही साधत नाही. ताठ बसायचं, आधी श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सावकाश आत ओढायचं. पहिला बॉल वर गेला की तो तीन सेकंद वरच राहील असा श्वास धरायचा. तिन्ही बॉल झटक्यात उडवण्यापेक्षा एकच बॉल वर टिकवून धरणं जास्त उपयोगाचं. एका वेळी दहा श्वास, जागेपणी दर तासाला. चक्कर आली किंवा छातीत भरून आलं तर लगेच थांबा.

दुसरा सराव उठण्या-बसण्याचा. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी जोडतात. ते सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तोवर हातांवर भार देऊन उठायचं नाही. म्हणून आत्तापासून हात छातीवर घडी घालून खुर्चीतून उठून बघा. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. खोकताना उशी छातीशी घट्ट कवटाळायची, याचाही सराव करा. घरी पलंग आणि कमोडची खुर्ची आणून ठेवा. भरलेली कळशी, कुकर, नातवंड यातलं काही उचलायचं नाही. पुढून उघडणाऱ्या, आधार देणाऱ्या दोन सुती ब्रा घ्या. स्तनांच्या ओझ्याने टाक्यांवर ताण येतो, आणि हे बायकांना फारसं कोणी सांगत नाही.

आता तुमची भीती. ठरवून केलेल्या बायपासमध्ये जिवाचा धोका साधारण शंभरात एक ते दोन असतो, बायकांत आणि मधुमेहींत थोडा जास्त. तुमचा स्वतःचा आकडा सर्जनला सरळ विचारा. भूलतज्ज्ञ झोपवून निघून जात नाहीत, ऑपरेशन संपेपर्यंत तुमचा श्वास, रक्तदाब, नाडी बघत तिथेच असतात. जाग येईल तेव्हा तोंडात श्वासाची नळी असेल आणि त्यामुळे बोलता येणार नाही. हे आधी माहीत नसलेला माणूस फार घाबरतो. नळी ओढली जाऊ नये म्हणून हात हलके बांधलेलेही असतील. सगळं ठीक असेल तर ती काही तासांत काढतात. "दुखतंय", "तहान", "कफ" यांसाठी हाताच्या खुणा नर्सशी आधीच ठरवा. चष्मा मुलाजवळ द्या आणि जाग येताच लावायला सांगा. आयसीयूत दिवस-रात्र कळेनाशी होते, भास होतात, आणि चष्म्याने त्यात मदत होते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येईल, जेवणाची चव जाईल, छातीची डावी बाजू बधिर वाटेल. हे अनेकांना होतं आणि हळूहळू कमी होतं. उदासी दोन-तीन आठवड्यांनंतरही हटली नाही तर मात्र डॉक्टरांना सांगायचं. मुलांना हा परिच्छेद वाचायला द्या. विचार करू नकोस म्हणण्याऐवजी त्यांनी रात्री अर्धा तास तुमच्याजवळ बसून ऐकावं. बँकेचं नॉमिनेशन, दागिने, कागदपत्रं यांविषयी एकदाच त्यांच्याशी बोलून घ्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आदल्या रात्री छातीचे किंवा पायाचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक कापलं तरी जंतू शिरतात, ते काम रुग्णालय मशीनने करतं. बोटांची मेंदी आणि नेलपॉलिश नको, त्याने ऑक्सिजन मोजायला अडथळा येऊ शकतो. जोडवी, अंगठ्या घरीच काढा, नंतर बोटं सुजतात. सांगितलेल्या वेळेनंतर दुधाचा चहासुद्धा नाही, दूध अन्नातच मोजतात.

आणि या तीन आठवड्यांत बसल्या जागी छातीत दुखलं, घाम सुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर तारखेची वाट बघू नका. खाली बसा, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करायला सांगा.