भांडण होत नाही, तरी घरात शांतता का नाही?

"मॅडम, आमच्याकडे कधी आवाज चढत नाहीत. ओळखीतले लोक तर आमचं उदाहरण देतात. पण संध्याकाळी घरी जायची वेळ झाली की माझ्या छातीत धडधडायला लागतं."

माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला त्या एकट्याच आल्या होत्या. ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत, प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे: घरात शांतता कशी आणायची? हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की भांडणं थांबली की झालं. या घरात भांडण टाळता टाळताच दोघं थकून गेले होते.

नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, मुलगी नऊ वर्षांची. कुरबुरीचे विषय नेहमीचेच. मुलीचा अभ्यास कोणी घ्यायचा, सासू-सासरे राहायला आले की रजा कोणी टाकायची, मोठा खर्च न विचारता का केला. त्या विषय काढायच्या, ते "आत्ता नको" म्हणायचे. मग त्या गप्प. पण गिळलेलं पोटात राहतंच. काही दिवसांनी भलत्याच निमित्ताने सगळं बाहेर यायचं: "तुला या घराचं काही पडलेलंच नाही!" यावर ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि तीन-चार दिवस अबोला. नंतर एखाद्या कामापुरतं बोलणं सुरू व्हायचं, पण मूळ विषयाकडे कुणीच वळायचं नाही.

मुलीबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला यातलं काही कळत नाही." थोडं थांबून स्वतःच पुढे बोलल्या. "बाबा आले की ती किल्ली ठेवल्याचा आवाज ऐकते. हळू ठेवली तर बाहेर येते. आपटली तर वही उचलून आत जाते."

मुलांना सगळं कळतं. मार्क कमिंग्ज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आईवडिलांच्या वादांचा मुलांवर होणारा परिणाम अनेक वर्षं अभ्यासला. उघड भांडणासारखाच धुमसता अबोलाही मुलांना अस्वस्थ करतो, हे त्यात दिसलं. आणि मला फार मोलाची वाटते ती गोष्ट अशी: वाद मिटताना दिसला की मुलं सावरतात. तो बंद दाराआड मिटला असेल आणि नंतर त्यांना तसं सांगितलं, तरीही त्यांना बरं वाटतं.

पुढच्या भेटीला नवरा आला. हाताची घडी, चेहरा कोरा. बायको बोलत होती आणि हे खिडकीकडे बघत होते. "बघा, असाच बसतो, दगडासारखा," त्या म्हणाल्या. मी त्यांना स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला सांगितली. मिनिटाला शंभराच्या वर होती. खुर्चीत शांत बसलेल्या माणसाची! बायको बघतच राहिली. इतकी वर्षं ज्याला त्या बेपर्वाई समजत होत्या, ती खरं तर घाबरगुंडी होती.

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून जोडप्यांचं बोलणं टिपताना त्यांच्या हृदयाचे ठोकेही मोजले. ठोके शंभराच्या पुढे गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, आणि सुचतं ते हल्ला करणं किंवा पळणं. शरीर निवायला साधारण वीस मिनिटं लागतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लाव" हा आग्रह अशा वेळी कामाचा नसतो.

पण "आत्ता नको" एवढं म्हणून निघून जाणं म्हणजे विश्रांती नव्हे, ते समोरच्याला वाऱ्यावर सोडणं आहे. म्हणून नवऱ्यासाठी वाक्य ठरवलं: "मला आत्ता सुचत नाहीये, साडेनऊला बोलू." आणि साडेनऊला विषय त्यांनीच काढायचा. ही अट मी सोडली नाही. मधल्या वेळात मनातल्या मनात उत्तरं घोळवायची नाहीत, काहीतरी वेगळं करायचं.

बायकोबरोबर आम्ही वादाच्या पहिल्या वाक्यावर बराच वेळ काम केलं. गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी १९९९ मध्ये १२४ नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासातून दाखवलं की वादाच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही त्या लग्नाचं पुढे काय होईल याचा अंदाज येतो. "तुला काही पडलेलंच नाही" हा माणसावरच निकाल झाला. त्याऐवजी त्यांनी तयार केलेलं वाक्य असं: "काल अभ्यास घेताना मी अगदी दमून गेले. आठवड्यातले दोन दिवस तू घेशील का?" ते म्हणून बघताना त्या चिडल्या. "म्हणजे सबुरीनं मीच घ्यायचं?" राग रास्त होता. सबुरी एकट्या बाईच्या गळ्यात मारणारा सल्ला मला मान्य नाही. म्हणूनच साडेनऊची जबाबदारी नवऱ्याची होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्यंतरी एकदा अबोला परत आला, पण दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानेच तो मोडला. मुलीलाही सांगितलं, "काल आम्ही चिडलो होतो, आता बोलून ठरवलंय." अभ्यासाचे दिवस वाटले गेले. सासू-सासऱ्यांचा प्रश्न अजून तसाच आहे आणि कदाचित राहीलही. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचेच निघाले. त्यावर बोलता येणं, बोलताना पाणउतारा न होणं, एवढं साधलं तरी घरात श्वास मोकळा होतो.

एक मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण, धमक्या किंवा जिवाची भीती असेल तर वरचं काहीच लागू होत नाही. तिथे गोड सुरुवात शोधत बसू नका. आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं माणूस गाठा, समुपदेशकालाही एकट्याने भेटा.

आणि नवरा किंवा बायको यायला तयारच नसेल तर? एकट्याने या. वादाची सुरुवात आणि थांबण्याची पद्धत एकाने बदलली तरी दुसऱ्याला जुनं उत्तर तसंच्या तसं देणं अवघड जातं. या घरातही सुरुवात एकटीनेच झाली होती. नवऱ्याला आणताना "तुझं काहीतरी बिघडलंय, चल" असं म्हणू नका. "मला हे एकटीला जमत नाहीये, एकदा येशील?" असं विचारा. त्यांनी असंच विचारलं होतं.