जुन्या कंपनीचे ऑप्शन, येणारं बाळ आणि उरलेले 50 दिवस

प्रश्न (पत्र थोडक्यात) : वय 28, सॉफ्टवेअरमध्ये आहे. यंदा बरंच काही घडलं. सव्वादोन वर्षांनी नोकरी बदलली, पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागला आणि चार महिन्यांत बाळ येतंय. जुन्या स्टार्टअपने 4,000 स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, दिले होते. नोकरी सोडल्यापासून 90 दिवसांत एक्सरसाइज केले नाहीत, म्हणजे पैसे भरून शेअर घेतले नाहीत, तर ते रद्द होतील, आणि 40 दिवस गेलेत. शिल्लक सात पगारांइतकी आहे. सगळे घेऊन टाकू का? एक लेन्सही घ्यायची आहे, पण आता ते विचारायलाच संकोच वाटतो.

उत्तर : लेन्सचा संकोच सोडा. अर्ध्या पगाराची वस्तू आहे, मन भरलं की विकता येते. तुमच्या शेअरना गिऱ्हाईक कधी मिळेल, मिळेल की नाही, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही.

आधी 4,000 हा आकडा डोक्यातून काढा. तुमच्या करारात चार वर्षांचं वेस्टिंग आहे, म्हणजे ऑप्शन हळूहळू तुमचे होतात : पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्ष भरेपर्यंत काहीच नाही, मग वर्षाचे एकदम) आणि पुढे दरमहा. 48 पैकी 27 महिने भरले, म्हणजे हाती 2,250. बाकीचे राजीनाम्याबरोबरच गेले.

या 2,250 ची ठरलेली किंमत दोन पगार होते, आणि तुम्ही तेवढीच धरली आहे. कंपनीच्या ताज्या मूल्यांकनात शेअरचा भाव त्याच्या चौपट आहे. तुम्ही याला फायदा म्हणता. पंचाईत अशी की कर खातंही तेच म्हणतं. बऱ्याच देशांत हा फरक त्याच वर्षीचं पगारी उत्पन्न धरला जातो, शेअर विकले नसले तरी. फरक सहा पगारांचा. 30 टक्के कर धरला तर 1.8 पगार. एकूण गेले 3.8, म्हणजे निम्म्याहून जास्त शिल्लक.

आणि तो चौपट भाव तुमच्या शेअरचा नाहीच. गुंतवणूकदारांकडे प्रेफरन्स शेअर असतात. कंपनी विकली गेली तर सहसा त्यांचे पैसे आधी सुटतात, साध्या शेअरवाल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. विक्रीची रक्कम उभारलेल्या भांडवलापेक्षा कमी असेल तर बहुधा काहीच येत नाही.

पत्राच्या मध्येच तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं : ग्राहक गळत होते म्हणून नोकरी सोडली. ज्या कंपनीत पगार घेऊन राहावंसं वाटलं नाही, तिथे आता पदरचे पैसे घालायचे? सव्वादोन वर्षं कमी पगारावर काढली, ती वाया जाऊ नयेत असं वाटतंय, हे समजतं. पण ती किंमत तुम्ही मोजून झाली आहे. दुसऱ्यांदा मोजल्याने पहिली परत येणार नाही.

तरी सगळं सोडून द्या असंही मी म्हणणार नाही. घरखर्च, हप्त्यासकट, पगाराच्या 60 टक्के आहे. पत्नीची रजा काही काळ बिनपगारी असेल आणि तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात, त्यामुळे नेहमीचे सहा महिने पुरणार नाहीत, नऊ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. ते झाले 5.4 पगार. बाळंतपणासाठी आणखी 0.8. उरतात 0.8 पगार, आणि करासकट त्यात सुमारे पाचवा हिस्सा बसतो : 450 शेअर. ते बुडाले तर चुटपुट लागेल, घराला धक्का बसणार नाही. कंपनी खरंच वर गेली तर अगदीच हात चोळत बसावं लागणार नाही. कर्ज काढून बाकीचे घेण्याचा विचार मात्र नको.

आजच जुन्या कंपनीला लेखी विचारा : थोडेच एक्सरसाइज करता येतील का, मुदत वाढवून मिळेल का, कर कधी आणि कोण कापणार. काही कंपन्या मुदत वाढवतात, विचारल्याशिवाय सांगत मात्र नाहीत. वाढली तर 450 चाही निर्णय बाळ आल्यावर घ्या. आणि पैसे भरण्याआधी कर सल्लागाराकडून तुमच्या देशातला आकडा काढून घ्या. माझे 30 टक्के फक्त अंदाजासाठी आहेत.

लेन्स शिलकीतून नको, येत्या दोन महिन्यांच्या बचतीतून घ्या. पण बाळ येण्याआधी घ्या. नंतरही पहाटे उठाल, पण पक्ष्यांसाठी नव्हे.