१७५० च्या सुमारास व्हर्जिनियात आलेल्या पूर्वजाची जन्मनोंद सापडत नसेल तर त्याचं घराणं कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या अमेरिकन जावयाचा एक पूर्वज १७५० च्या सुमारास व्हर्जिनियाच्या ऑगस्टा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे तेव्हाच्या इंग्रज वसाहतीच्या अगदी सरहद्दीवर, येऊन राहिला. नाव-आडनाव ठाऊक आहे, पण जन्माची नोंद मिळत नाही, भावंडं माहीत नाहीत, आणि इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत त्याला चार वेगवेगळे बाप दिलेले आहेत. माझ्या सासूबाईंचं माहेर याच भागातल्या शेनॅन्डोआ खोऱ्यातलं, त्यामुळे ऑगस्टाच्या जुन्या दफ्तरात मी बराच काळ रमले आहे. माझा पहिला सल्ला हा की जन्मनोंदीचा नाद सोडा.

व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५३ मध्ये सुरू झाली, १८९६ मध्ये थांबली आणि पुन्हा सुरू व्हायला १९१२ उजाडलं. राहिली चर्चची वही. कायद्याने मान्य चर्च इंग्लंडचं, पण शेनॅन्डोआ खोऱ्यात आलेले बहुतेक लोक अल्स्टरचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे, प्रेस्बिटेरियन (इंग्लंडच्या चर्चपासून वेगळा प्रॉटेस्टंट पंथ) किंवा जर्मन. जॉन क्रेग नावाच्या प्रेस्बिटेरियन पाद्र्याची १७४० ते १७४९ या काळातली बाप्तिस्म्यांची वही टिकली आहे, ती आवर्जून पाहा. असं भाग्य मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. लग्नांचंही तेच. इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या पाद्र्यांना लग्न लावायचा कायदेशीर हक्क मिळाला तो १७८० च्या कायद्याने. पहिली जनगणना १७९० ची, पण तिचे व्हर्जिनियाचे कागद शिल्लक नाहीत, आणि १८५० पर्यंत जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे.

मग उरतं काय? जमीन आणि शेजारी. तुमचा माणूस या दोन गोष्टींत सापडेल. गावाकडे वारसाचा वाद निघाला की आपण फेरफार उतारे काढतो, तसंच हे काम आहे.

सुरुवात काउंटीच्या सीमांपासून करा, कारण बहुतेक लोक तिथेच वाट चुकतात. माणूस एका जागी राहायचा आणि काउंटी बदलायची. आज जिथे ब्लॅक्सबर्ग शहर आहे तिथे तेव्हा ड्रेपर्स मेडो नावाची छोटी वस्ती होती. ती आधी ऑगस्टात होती, १७७० मध्ये बोटेटॉर्टमध्ये गेली, १७७२ मध्ये फिनकॅसलमध्ये आणि १७७७ पासून माँटगोमेरीत. तिथल्या शेतकऱ्याने उंबरठाही न ओलांडता त्याची कागदपत्रं चार दफ्तरांत विखुरली. ऑगस्टा स्वतः ऑरेंज काउंटीतून निघाली. कायदा १७३८ चा, पण तिचं कोर्ट भरायला लागलं १७४५ मध्ये. त्यामुळे त्याआधीची खरेदीखतं ऑरेंजच्या दफ्तरात बघायला हवीत. एखाद्या वंशवृक्षात ‘हा इसम १७७० मध्ये बोटेटॉर्टला स्थलांतरित झाला’ असं वाचलंत तर आधी नकाशा उघडा. सुदैवाने स्टॉन्टनमधलं ऑगस्टाचं दफ्तर शाबूत आहे. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. जेम्स सिटी काउंटीचे कागद यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेले आणि १८६५ च्या आगीत तिथेच जळून गेले.

आता जमीन. खोऱ्यातली मोठी क्षेत्रं काही मोजक्या लोकांना सनदेने मिळाली होती. विल्यम बेव्हर्ली याला १७३६ मध्ये १,१८,४९१ एकर आणि बेंजामिन बोर्डन याला १७३९ मध्ये ९२,१०० एकर. साधा माणूस यांच्याकडून तुकडा विकत घ्यायचा. त्यामुळे सरकारी सनदांच्या यादीत नाव नाही म्हणून तो तिथे नव्हताच असं समजू नका, काउंटीची खरेदीखतं पाहा. ही खतं वाचताना एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. एकाच जमिनीचे, लागोपाठच्या दोन दिवसांचे दोन दस्त दिसतात. पहिल्यात पाच शिलिंगांना वर्षभराचा भाडेपट्टा, दुसऱ्यात खरी किंमत आणि कायमचा हक्क. ही तेव्हाची कायदेशीर पळवाट होती, दोन्ही मिळून व्यवहार एकच. पहिला कागद पाहून ‘आमचा पूर्वज कूळ होता’ असं लिहून मोकळं होऊ नका.

चतुःसीमा तर शब्द न शब्द उतरवून घ्या. ‘ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून अमुकच्या बांधापर्यंत इतके पोल’ अशी मोजणी असते. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. त्या रेषा कागदावर काढल्या आणि शेजाऱ्यांच्या जमिनीही तशाच काढून जोडल्या की चित्र उभं राहतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तीन वेगळी आडनावं एका ओढ्यावर बांधाला बांध लागून बसली, आणि त्यांतली दोन घराणी व्याही निघाली.

बायकोचं नाव बहुधा विक्रीच्या खतात सापडतं. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा एक तृतीयांश वाटा कायद्याने राखलेला असे, म्हणून विकताना तिची संमती लागे. कोर्ट तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं, की तू हे स्वखुशीने सोडतेस ना? ती येऊ शकत नसेल तर न्यायाधीशांना तिच्या घरी पाठवायचे. सासूबाईंच्या सहाव्या पिढीतल्या आजीचं नाव मला मिळालं ते अशाच एका शेऱ्यात. खरेदीत ती कुठेच नव्हती. विकताना मात्र तिची संमती नोंदवावी लागली होती.

आईवडिलांचा प्रश्न सोडवायला वारसाहक्काचा कायदा माहीत हवा. व्हर्जिनियात १७८५ चा नवा कायदा लागू होईपर्यंत मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची. म्हणून कुणी स्वतः विकत न घेतलेली जमीन विकताना दिसला तर ज्याने ती मुळात घेतली त्याचा दस्त शोधा, बहुतेक वेळा तो बाप निघतो. उलट, मृत्युपत्रात थोरल्याला फक्त एक शिलिंग दिलेला दिसला म्हणून बापलेकांचं भांडण होतं असं ठरवू नका, कदाचित त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असेल. कोर्टाच्या वहीत ‘अनाथ’ असं लिहिलेलं मूलही आईविना असेलच असं नाही. बाप वारला की कायद्याच्या लेखी मूल अनाथ. आई बहुतेक वेळा दुसरं लग्न करून त्याच ओढ्यावर नव्या आडनावाने राहत असते.

इथून शेजाऱ्यांचा विषय सुरू होतो आणि माझ्या मते सगळी मेख त्यातच आहे. सरहद्दीवर कुणी एकटं आलं नाही. अल्स्टरहून फिलाडेल्फिया, तिथून पेन्सिल्व्हेनियातलं लँकेस्टर, मग दक्षिणेकडे खोऱ्यात, असं चार-पाच कुटुंबं मिळून सरकायची. म्हणून मृत्युपत्रावरचे साक्षीदार, विधवेला जामीन राहिलेले लोक, मृताच्या सामानाची किंमत करायला नेमलेले शेजारी, कोर्टाने रस्ता दुरुस्तीला लावलेल्या घरांच्या याद्या, ही सगळी नावं टिपून ठेवा. विधवेचे जामीनदार तर फारच बोलके असतात, कारण ते अनेकदा तिचे भाऊ किंवा वडील असतात. तुमच्या माणसाचा ऑगस्टाच्या आधीचा ठावठिकाणा लागत नसेल तर या शेजाऱ्यांचा लावा. पेन्सिल्व्हेनियात ज्या गावात ते सापडतील त्याच गावात तुमचा माणूस शोधा. जर्मन असेल तर १७२७ पासूनच्या फिलाडेल्फियाच्या बंदराच्या याद्या आहेत, कारण परकीयांना तिथे निष्ठेची शपथ घ्यावी लागे. अल्स्टरचे लोक इंग्लंडच्या राजाचीच प्रजा, त्यामुळे त्यांच्या तशा याद्या नाहीत. त्यांच्यासाठी ऑरेंजच्या कोर्टात १७४० मधल्या नोंदी बघा. माणशी ५० एकर जमीन मिळावी म्हणून कित्येकांनी आपण बायकामुलांसह आयर्लंडहून फिलाडेल्फियामार्गे आलो असं तिथे शपथेवर सांगितलं, आणि त्यात मुलांची नावंही दिली.

एकाच नावाची माणसं हा सर्वांत मोठा सापळा. तुमच्या माणसाचे चार बाप त्यातूनच झाले असणार. त्या काळात नावापुढे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ लिहिलं तर ते बापलेकच असतील असं नाही, गावातला थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ असू शकतो. बायकोचं नाव, ओढ्याचं नाव आणि सही ही तीन वेगळी करायची साधनं. एक जण सही करत असेल आणि दुसरा अक्षराची खूण काढत असेल तर ते दोन. पण खूण मूळ कागदावर तपासा. दस्तांच्या वहीत असते ती कारकुनाने केलेली नक्कल.

याच्या उलटही घडतं, एकच माणूस कागदावर अनेक दिसतो. बोर्डनने आपल्या क्षेत्रात झोपडी बांधणाऱ्याला शंभर एकर द्यायचं ठरवलं होतं. पुढे त्याच्या वारसांवर खटला चालला, त्यात १८०६ मध्ये मेरी ग्रीनली या नव्वदी ओलांडलेल्या बाईंची जबानी झाली. त्या १७३७ मध्ये नवरा, वडील आणि भावासोबत तिथे आलेल्या. त्यांनी सांगितलं की जेम्स बेल याच्याकडची मिलहॉलिन आडनावाची एक मोलकरीण पुरुषाचे कपडे घालून पाच-सहा झोपड्यांचे हक्क मिळवून गेली. वहीत नावं पाहून आपण पाच-सहा मिलहॉलिन भाऊ एका घरात जोडले असते! असे जबाब मिळाले तर सोडू नका. जमिनीच्या दाव्यांत म्हातारी माणसं कोण कुणाचा भाऊ, कोण कुठून आलं, हे शपथेवर सांगून जातात. व्हर्जिनिया राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर अशा दाव्यांची सूची मोफत आहे.

पूर्वजाचा मुलगा स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर त्याची पेन्शनची फाइल बघाच. १८३२ च्या कायद्याखाली अर्ज करणाऱ्याला कुठे आणि कधी जन्मलो, त्यानंतर कुठेकुठे राहिलो हे कोर्टात सांगावं लागे. विधवांना लग्न सिद्ध करायचं होतं, तेव्हा कित्येकींनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पानं फाडून अर्जाला जोडली. ती अजून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १७८२ पासूनच्या वार्षिक करयाद्याही एकही वर्ष न चुकवता ओळीने वाचा. मुलगा वयात आला की त्याचं नाव येतं, नवरा गेला की विधवेचं येतं, आणि सगळं घर एका वर्षी गायब झालं तर केंटकी किंवा टेनेसीत शोधायचं.

भारतात बसून यातलं बरंच होतं. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर काउंटीच्या वह्यांची छायाचित्रं आहेत, आणि आता हस्तलिखित दस्तांतही शब्द टाकून शोधता येतं. त्यामुळे तुमचा माणूस दुसऱ्याच्या खतावर नुसता साक्षीदार असला तरी सापडतो. लायमन चॉकली यांनी १९१२ मध्ये तीन खंडांत छापलेले ऑगस्टाच्या कागदांचे सारांश सगळीकडे उद्धृत होतात. ते वाट दाखवायला छान आहेत, पण सारांशच आहेत, तेव्हा प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून घ्या. जुळणाऱ्या आडनावाचा पुरुष वंशज तयार असेल तर बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणीही करून घ्या, चारांपैकी काही बाप त्यात गळून पडतील.

आणखी एक मनापासून सांगते. ही जमीन मोकळी नव्हती. १७४४ च्या लँकेस्टर तहात इरोक्वॉय या मूळनिवासी राष्ट्रांनी आपण नेमकं काय सोडलं याबद्दल त्यांचं आणि व्हर्जिनियाचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्या भूमीत शिकार करणाऱ्या शॉनी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांशी तो तह झालाच नव्हता. १७५५ च्या जुलैत शॉनींनी ड्रेपर्स मेडोवर हल्ला केला, मेरी ड्रेपर इंगल्सला मुलांसह धरून नेलं. ती निसटून शेकडो मैल चालत परत आली. तिचा मुलगा थॉमस मात्र शॉनींत वाढला आणि तेरा वर्षांनी परत आला. त्या वर्षांत मारले गेलेल्या आणि धरून नेलेल्या लोकांची ऑगस्टाच्या विल्यम प्रेस्टन या अधिकाऱ्याने केलेली यादी टिकली आहे, तिच्यातही तुमच्या माणसाचं आडनाव तपासा. आणि मृताच्या सामानाच्या यादीत घोडे, किटल्या यांच्या ओळीत गुलामांची नावं किमतीसह आलेली दिसली तर तीही जशीच्या तशी उतरवा, कुठल्या वहीच्या कुठल्या पानावर ते लिहा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत वय आणि लिंग आहे, नाव नाही. त्यांच्या आजच्या वंशजांसाठी अनेकदा तुमच्या पूर्वजाची ही यादीच एकमेव धागा असते.

तुमच्या माणसाचं पूर्ण नाव, ओढ्याचं नाव आणि त्याच्या पहिल्या खरेदीखताचं वर्ष इथे खाली लिहा. त्या ओढ्यावर बांधाला कोण कोण होतं, ते मी काढून देते.