नाचाची घोडी आणि तुमची आठ दिवसांची रजा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. लगाम ओढला की थांबायचं सोडून जागीच नाचते, आणखी ओढला तर दोन पायांवर उभी राहते. तुमच्याकडे आठवडाभराची रजा आहे. तेवढ्यात घोडी अमळनेरच्या रस्त्यावर नेण्याजोगी होईल का?

रस्त्यावर नाही होणार. शांत उभी राहून तुम्हाला पाठीवर घेईल आणि दोन शेतांच्या बांधावरून कदम, म्हणजे साध्या चालीनं, चालेल, इतकं मात्र होईल. आठवड्यात तेवढं पदरात पडलं तरी पुष्कळ.

घोडी बिघडलेली नाही. तिला जे शिकवलंय तेच ती इमानानं करतेय. दत्तजयंतीला तापीकाठच्या त्या यात्रेत तुम्ही पाहिलंच असेल, गिऱ्हाईक जमलं की ढोल वाजतो, लगाम आखडून धरतात आणि चाबकानं पाय टोचतात. पुढची वाट बंद आणि मागून रेटा, मग जनावर वरच उसळणार. त्यालाच आपण नाच म्हणतो आणि वर पैसे मोजतो. आता तुम्ही पाठीवर बसून घाबरता, दोन्ही हातांनी लगाम खेचता आणि पडू नये म्हणून टाचा पोटात रुतवता. तुमच्या लेखी तो थांबायचा इशारा असतो, पण तिच्या लेखी वरात निघालेली असते.

आधी तिच्या तोंडातला लगाम काढून बघा. यात्रेतल्या कित्येक घोड्यांना काटेरी लगाम असतो. केंद्राच्या १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी विक्रीला सर्रास दिसतो. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे जी रिकामी हिरडी असते, तिच्यावर लगाम बसतो. तिथे बोट फिरवा. जखम किंवा गाठ लागली तर हा आठवडा लगाम घालूच नका, मोहरकीवरच, म्हणजे तोंडात काही न जाणाऱ्या दोरीवरच, काम करा. हिरडी ठीक असेल तर मधे जोड असलेला साधा गुळगुळीत लगाम आणा.

माझी शेवंता अशीच नाचाची होती. पहिले दोन दिवस मी खोगीर खुंटीवरून काढलंच नव्हतं. सकाळी सहाला खरारा करायचा, चारही पाय उचलून नाल आणि खूर बघायचे, मग मोहरकीला लांब दोर बांधून केळीच्या बागेशेजारच्या पडीत घेऊन जायचं. मी थांबलो की तिनं थांबायचं. नाही थांबली तर ओढायचं नाही, दोन पावलं मागे घ्यायचं आणि दोर लगेच सैल सोडायचा. सगळी गोम त्या सैल सोडण्यात आहे. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. तुम्ही दाब अर्धा मिनिट उशिरा सोडलात, तर त्या अर्ध्या मिनिटात तिनं जो काही चाळा केला असेल तोच ती शिकते. पहिल्या दिवशी शेवंतानं मला चाळीसेक वेळा फरफटवलं. दुसऱ्या दिवशी सात-आठ वेळा.

तिसऱ्या दिवसापासून जे कराल त्यावरच पुढचं सगळं उभं आहे, म्हणून इथे घाई नको. जमिनीवर उभं राहूनच एका बाजूचा दोर हळू धरायचा, तिचं नाक तुमच्याकडे वळेपर्यंत. नाक वळलं की सोडायचं. मग दुसरी बाजू. हळूहळू मान वळताना तिचा मागचा पाय आडवा पडायला लागतो. मागचे पाय असे एकमेकांना ओलांडत असताना घोड्याला वर उठायला जोर मिळत नाही. म्हणजे दोन्ही हातांनी खेचण्याऐवजी एक हात, एक बाजू, आणि लगेच सैल. हाच तुमचा खरा ब्रेक. पाठीवर बसायच्या आधी हे दोन्ही बाजूंनी पक्कं झालंच पाहिजे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या घोड्यावर मी दोन्ही हातांनी ओढत बसलो आणि तो मला घेऊन कांद्याच्या वाफ्यात उलटा पडला. गळ्याचं हाड मोडलं. नशिबानं घोडा शेजारी पडला, अंगावर नाही.

चौथ्या दिवशी खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, एकदम आवळू नका. थोडा आवळा, दहा पावलं चालवा, पुन्हा थोडा. पाचव्या दिवशी रिकिबीत पाय टाकून नुसतं वजन द्या आणि उतरा. ती हलली तर पुन्हा. उभी राहिली तर मानेवर खाजवून काम तिथेच संपवा, मग दहाच मिनिटं झालेली असोत. सहाव्या दिवशी बसून कदम, वीस मिनिटं, लगाम लोंबता. दुडकी आणि रेवाल या वेगाच्या चाली पुढच्या महिन्यात. सातव्या दिवशी सुट्टी, तिला आणि तुम्हालाही.

खुराकाचं सांगतो, कारण अर्धा माज तिथून येतो. विकणाऱ्यानं चकाकी यावी म्हणून भिजवलेले हरभरे आणि गूळ चारलेला असतो. घरी ती दिवसभर बांधलेली आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र तीच. चंदी थोडी थोडी करत निम्म्यावर आणा, दादर ज्वारीचा कडबा आणि वाळलं गवत भरपूर द्या. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सात किलोच्या आसपास सुका चारा लागतो. थंडीत पाणी कमी पितात, तेव्हा बादली मोजा, पंचवीस लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटशूळ जिवावर बेततो. पोटाकडे वळून बघायला, लोळायला लागली, लीद थांबली, तर घरगुती काढे न पाजता डॉक्टरला बोलवा.

नाडी बघायला शिका. जबड्याखालच्या रगेवर बोट ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. निवांत असताना २८ ते ४४ असते. फेरीनंतर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या आत आली नाही, तर तुम्ही जास्त पळवली.

रस्ता का नको म्हणतो? या दिवसांत कपाशीनं भरलेली ट्रॅक्टरं डुलत येतात, वाऱ्यानं केळीची पानं फडफडतात, संक्रांतीला तर मांजा आडवा येतो. हेल्मेट घाला, गावात कोणी हसलं तर हसू द्या. आमचे एक म्हातारे नालबंद मला दर वेळी एकच विचारायचे, "तुन्हा घोडा तुले वयखस का?" म्हणजे तुझा घोडा तुला ओळखतो का? मी हो म्हणालो की ते शेवंताच्या कानांकडे बघायचे आणि काही न बोलता नाल ठोकायला लागायचे.

आणि लग्नसराई आली की तुमची घोडी बँडचा आवाज ऐकून नाचेल, हे आत्ताच धरून चाला. शेवंता माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली, तरी डीजे गल्लीत शिरला की पुढचा पाय उचलतेच. मी खाली उतरतो, दोर सैल सोडतो आणि वरात पुढे जाईपर्यंत तिच्याशेजारी उभा राहतो.