मिशनवरून परतलेला मुलगा काहीच का ठरवत नाही?

अमेरिकेतल्या युटा राज्यात समुपदेशन करताना एक तक्रार वर्षभर कानावर येत राहते, बहुतेक वेळा आईकडून. "दोन वर्षं जगाच्या टोकाला राहून आला, वाटलं आता मोठा झाला. पण जेवायला काय हवं एवढंसुद्धा सांगत नाही हो!" आई चिडलेली असते आणि घाबरलेलीही. वडील आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे झालेले असतात.

ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो, त्या लॅटर-डे सेंट्स चर्चचे मुलगे अठरा पूर्ण झाले की २४ महिन्यांसाठी धर्मप्रसाराला, म्हणजे मिशनवर, जाऊ शकतात. मुली जातात त्या १८ महिन्यांसाठी. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. सोबती कोण तेही वरूनच ठरतं, आणि त्याला नजरेआड करायचं नाही हा नियम. पगार नाही.

ज्या मुलाबद्दल लिहितेय (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो किरिबासला होता. लिहितात किरिबाती, म्हणतात किरिबास. पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली ३३ बेटं. सगळी मिळून जमीन ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या दीडपटही नाही. त्यातल्या राजधानीपासून लांबच्या एका बेटावर त्याचे बरेच महिने गेले.

पहिल्या भेटीत मी विचारलं, "पाणी घेशील?" त्याने आईकडे पाहिलं.

आईला बाहेर बसायला सांगितलं, तर हा दाराकडे बघत बसला. धाकट्या भावाच्या खोलीत जमिनीवर झोपतो, कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटा जात नाही, असं आईने आधीच सांगितलं होतं. "कसं वाटतंय?" हे मी या वयाच्या मुलांना विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं, "बरंय." मी म्हटलं, "तिथला एक दिवस सांग. काही विशेष न घडलेला."

आणि हा सुटला. साडेसहाला उठायचं. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून पावसाच्या टाकीतलं उकळून ठेवायचं. आधी धर्मग्रंथाचा अभ्यास, मग भाषेचा. मग पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी, आणि सायकली. वाटेत पोरं "माउरी!" (तिथला नमस्कार) म्हणून ओरडणार. कुणाकडे गेलं की झावळ्यांच्या छपराखालच्या मचाणावर बसायचं, शहाळं समोर येणार, मग मासा आणि निरफणस. संध्याकाळी माडावर चढलेले बाप्ये नीरा काढता काढता गाणी म्हणायचे, ती याला पाठ होती. (आमच्या रत्नागिरीकडच्या माणसाला तिथे फार परकं वाटू नये.) साडेदहाला दिवा बंद.

"यात तू एकटा कधी असायचास?"

"न्हाणीत."

"आणि तू स्वतः ठरवलेलं काय?"

बराच विचार करून म्हणाला, "टाय कुठला लावायचा ते."

अशा वेळी रोज एक छोटा निर्णय घ्यायचा गृहपाठ देतात. त्यात चूक काही नाही. पण मी मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या वाटेने जाणारी; माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यावर काम करणारी नॅरेटिव्ह थेरपी या दोघांची. "मला जमतच नाही" असं माणूस म्हणाला की ते जमलं होतं ती वेळ मी शोधत बसते, आणि ती सापडते हा माझा अनुभव आहे. म्हणून विचारत राहिले, "हे वेळापत्रक कधी कोलमडलं होतं का?" तो विषय बदलायचा. मीही घाई केली नाही.

शेवटी एकदा बोलला. सोबत्याला संध्याकाळपासून ताप, रात्री तो बरळायला लागला. फोनला रेंज नाही. याने शेजारच्या आजींना उठवून सोबत्यापाशी बसवलं आणि दवाखान्यातल्या नर्सला आणायला निघाला. एकटा. सोबती चार दिवसांत बरा झाला.

"मग?"

"मी कुणालाच सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाहीस?"

"की मी त्याला सोडून गेलो." आणि तो हमसून रडायला लागला.

मला तिथे सगळं लख्ख दिसलं. दोन वर्षांत ज्या एका तासात हा एकटा होता आणि स्वतःच्या डोक्याने वागला, तो तास त्याने गुन्हा म्हणून मनात पुरून ठेवला होता. घरी आल्यावर एकटं असणं आणि ठरवणं दोन्ही एकदम वाट्याला आलं. प्रत्येक वेळी तोच गुन्हा नव्याने केल्यासारखा. आळस कुठला!

"सायकल काढण्याआधी काय काय केलंस?" मी विचारलं. तो आठवून सांगू लागला. आजींना बोलावलं कारण त्यांनी सात पोरं वाढवलेली. ओहोटी होती म्हणून लगूनच्या, म्हणजे बेटाच्या आतल्या उथळ पाण्याच्या, कडेकडेने जवळची वाट धरली. विजेरी हातात धरून सायकल चालवता येईना, तर ती टायने हँडलला बांधली.

"हे कुणी ठरवलं?"

"मी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच दाराकडे न बघता. या उत्तरापर्यंत मी त्याला नेलं नाही, तो चालत आला; पण वाट मोकळी ठेवण्याचं काम माझं होतं, आणि ते मी नीट केलं.

आईवडिलांना मी सांगते ते असं. मूल परत येतं, स्टेक प्रेसिडेंटच्या (चर्चच्या त्या भागातल्या प्रमुखाच्या) भेटीत त्याला सेवामुक्त केलं जातं, नावाची पट्टी उतरते, आणि दुसऱ्या सकाळी कुठे जायचं हे सांगणारं कुणी नसतं. तेव्हा लगेच "पुढे काय?" विचारू नका. उठण्याची वेळ थोडे आठवडे तीच राहू द्या. दोन पर्याय पुढे ठेवा, दहा नकोत. भावाच्या खोलीत झोपतो तर झोपू दे. २०१९ पासून ही मुलं दर आठवड्याला घरी फोन करू शकतात, म्हणून आईला वाटतं आपल्याला सगळं ठाऊक आहे. मुलं आईला झेपेल तेवढंच सांगतात. तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगायचे किस्से बाजूला ठेवून साधे दिवस विचारा, कंटाळ्याचेसुद्धा. जहाजावरून किंवा सैनिकी शाळेतून परतलेल्या मुलांचे पालक पुण्याहून फोन करतात, त्यांनाही मी हेच सांगते. मात्र झोप आणि भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर माझ्यासारखीची वेळ मिळायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

या मुलाने ती रात्र पुढे स्वतःच आईला सांगितली. तिचा मला फोन आला: "हे बिशपांच्या (त्यांच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखांच्या) कानावर घालायला हवं ना?" मी म्हटलं, ते त्याला ठरवू द्या. तिला ते फारसं आवडलं नाही.