‘मॉड्युलर’ युद्धनौकेतलं नक्की काय काढता येतं?

फ्रिगेट आणि कॉर्व्हेट, म्हणजे मध्यम आणि त्याहून लहान आकाराच्या युद्धनौका. त्यांच्याबद्दल मागच्या वेळी लिहिल्यावर बरेच प्रश्न आले आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द होता: मॉड्युलर. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

निलगिरी मॉड्युलर पद्धतीने बांधली असं बातम्यांत वाचलं. मग तिच्यावरची तोफ काढून दुसरं काही बसवता येईल का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

नाही. पण गोंधळ होणारच, कारण हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना चिकटवला जातो. ‘आयएनएस निलगिरी’ ही भारतीय नौदलाची फ्रिगेट मॉड्युलर आहे ती फक्त बांधणीपुरती. साधारण 6,670 टनांचं, 149 मीटर लांबीचं हे जहाज माझगाव डॉकमध्ये तळापासून वर असं एका जागी रचत नेलेलं नाही. त्याचे ब्लॉक शेडमध्ये वेगवेगळे तयार झाले. पाइप, केबलचे ट्रे, हवेचे डक्ट हे सगळं शक्य तेवढं ब्लॉक सुटा असतानाच आत बसवायचं, मग मोठ्या क्रेनने उचलून शेजारच्या ब्लॉकला जोडायचं.

सुटा ब्लॉक उलटाही ठेवता येतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. डेकच्या खालच्या बाजूचं वेल्डिंग मान वर करून, ठिणग्या अंगावर घेत करण्याऐवजी खाली वाकून करता येतं. जोडही चांगला येतो आणि वेल्डरचे खांदेही वाचतात. खरी परीक्षा दोन ब्लॉक समोरासमोर येतात तेव्हा. सगळ्यांच्या नजरा पाइपांच्या तोंडांवर. एक पाइप दोन बोटं जरी सरकलेला निघाला, तरी त्या कोपऱ्यात कापाकापी आली.

फायदा वेळेचा. निलगिरीचं जलावतरण सप्टेंबर 2019 मध्ये झालं आणि ती नौदलाच्या ताब्यात आली डिसेंबर 2024 मध्ये. तिच्याच वर्गातली उदयगिरी जलावतरणानंतर 37 महिन्यांत सुपूर्द झाली. पहिलं जहाज नेहमीच जास्त वेळ घेतं आणि मध्ये कोविडही येऊन गेला, तेव्हा सगळं श्रेय ब्लॉकला देऊ नका. पण थोडंथोडकं नाही एवढं द्या.

मग शस्त्रं बदलण्याची कल्पना कुणाची? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, आधी जर्मनांची, मग डेन्मार्कची. दोघांची गरज मात्र अगदी वेगळी होती.

हॅम्बुर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीला जहाजं परदेशी विकायची होती. एका गिऱ्हाइकाला इटालियन तोफ हवी, दुसऱ्याला अमेरिकन. दर वेळी जहाज नव्याने आखायचं म्हणजे दिवाळं. म्हणून त्यांनी ‘मेको’ पद्धत काढली: तोफ, क्षेपणास्त्रं, इलेक्ट्रॉनिक्स यांच्यासाठी ठरावीक मापाची युनिटं आणि ती बसतील अशा ठरावीक जागा. पहिलं जहाज नायजेरियाचं ‘अराडू’, 1982 मध्ये दाखल झालेलं. पुढे तुर्कस्तान, ग्रीस, पोर्तुगाल, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशी रांगच लागली. इथे बदल समुद्रावर करायचा नव्हता. तोफ यायला उशीर झाला तरी जहाजाचं काम अडू नये आणि पंधरा वर्षांनी यंत्रणा बदलताना डेक कापत बसायला लागू नये, एवढाच हिशेब. शब्दाचा हा दुसरा अर्थ.

डेन्मार्कची अडचण आपल्या मध्यमवर्गीय घरासारखी होती. 1980 च्या दशकात त्यांच्याकडे पाणतीर सोडणाऱ्या, गस्त घालणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या मिळून 22 जुन्या बोटी एकदमच निवृत्तीला आल्या आणि तितक्याच नव्या घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी 54 मीटरच्या, फायबरग्लासच्या 14 बोटी बांधल्या. वर्गाचं नाव ‘फ्लायवेफिस्केन’, म्हणजे उडता मासा. प्रत्येकीत चार चौकोनी खड्डे, एक पुढे आणि तीन मागे. त्यात बसणारा स्टेनलेस स्टीलचा डबा 3 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच. टपावर तोफ, पोटात तिची इलेक्ट्रॉनिक्स. खाली बोल्ट आवळायचे. वीज, थंड पाणी आणि डेटा यांच्या जोडण्या लावायच्या. धक्क्यावरची 15 टनी क्रेन असली की अर्ध्या तासात डबा बदलतो. त्यानंतरच्या चाचण्यांना काही तास लागतात, ते जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

एकाच टेम्पोच्या हौद्यात सकाळी भाजी, संध्याकाळी लग्नाचं डेकोरेशन, तसंच हे. फक्त टेम्पोचा ड्रायव्हर दोन्ही वाहू शकतो. सुरुंग शोधायला शिकलेला खलाशी रातोरात पाणबुडीविरोधी तज्ज्ञ होत नाही. डबा अर्ध्या तासात बदलतो, माणूस वर्षभरात. म्हणून माझ्या मते या पद्धतीची खरी कमाई भूमिका बदलण्यात नव्हतीच. तोफ बिघडली तर डबा वर्कशॉपला जातो आणि बोट दुसरा डबा घेऊन समुद्रात. शिवाय डबे बोटींपेक्षा जास्त जगले. बोटी निवृत्त होऊन काही लिथुआनियाला, काही पोर्तुगालला गेल्या. तोफा आणि क्षेपणास्त्रांचे डबे मात्र डेन्मार्कच्या नव्या, मोठ्या जहाजांवर बसले.

एवढं चांगलं होतं, तर तांबड्या समुद्रात डॅनिश फ्रिगेटची फजिती का झाली? (नागपूर)

मार्च 2024 मध्ये ‘इव्हर हुइटफेल्ट’ने येमेनच्या हूथी बंडखोरांचे चार ड्रोन पाडले, हे आधी सांगायला हवं. पण त्याच लढाईत तिची क्षेपणास्त्रं जवळपास अर्धा तास सुटेनात, कारण रडार आणि युद्धसंचालन प्रणाली, म्हणजे शस्त्रं चालवणारा जहाजाचा संगणक, यांचं एकमेकांशी जमेना. 76 मिमी तोफेचे कित्येक गोळे जहाजाजवळच फुटले, ते जुन्या दारूगोळ्यामुळे. ही माहिती संरक्षणमंत्र्यांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही म्हणून तिथल्या संरक्षण दलांच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं.

यात डब्याचा दोष नाही. पण धडा डब्यालाही लागू आहे: बोल्टाची भोकं जुळली म्हणजे सॉफ्टवेअर जुळलं असं होत नाही. नवीन काहीही जोडलं की ते जहाजाच्या संगणकाशी नीट बोलतं का, हे प्रत्यक्ष गोळीबार करूनच तपासावं लागतं आणि कात्री सगळ्यात आधी त्याच खर्चाला लागते.

अमेरिकेच्या एलसीएस जहाजांवर आमच्या टॅक्सचे इतके पैसे गेले. कल्पना चुकली की माणसं? (न्यू जर्सी)

हव्यास चुकला. किनाऱ्याजवळ लढणाऱ्या या जहाजांना शस्त्रं आणि उपकरणांचे, अदलाबदल करता येणारे तीन संच मिळायचे होते: पृष्ठभागावरची लढाई, सुरुंग, पाणबुड्या. हा तिसरा अर्थ, डॅनिशांचाच, पण भव्य प्रमाणात. त्यावर 40 नॉटपेक्षा जास्त वेगाचा हट्ट, आणि आराखडेही दोन, एक साध्या बुडाचा, दुसरा तीन बुडांचा. डेन्मार्कने हाताशी असलेली तोफ डब्यात घातली होती. इथे जहाजं आधी पाण्यात उतरली आणि संचांतली यंत्रं अजून कागदावर किंवा प्रयोगशाळेत.

सुरुंग शोधणारं दूरनियंत्रित यान इतकं बेभरवशाचं निघालं की 2016 मध्ये ते रद्द झालं. त्याच वर्षी नौदलाने संच अदलाबदलीचा विचार सोडून एका जहाजाला एकच काम द्यायचं ठरवलं. पाणबुडीविरोधी संच 2022 मध्ये गुंडाळला. एका आराखड्याचा गिअरबॉक्स रडवत राहिला. त्याच आराखड्याचं ‘सू सिटी’ हे जहाज नोव्हेंबर 2018 मध्ये दाखल झालं आणि ऑगस्ट 2023 मध्ये निवृत्त. आपल्याकडे रिक्षासुद्धा जास्त चालते.

तरी सुरुंगांचा संच अखेर 2023 मध्ये वापरायोग्य ठरला आणि 2025 मध्ये तो घेऊन ‘कॅनबेरा’ ही एलसीएस बहरीनला पोहोचली. पंधरा वर्षं उशिरा, पण पोहोचली.

क्षेपणास्त्राचा कंटेनर व्यापारी जहाजावर ठेवला की झाली युद्धनौका? (नाशिक)

नाही. क्षेपणास्त्र डागता येईल, पण लक्ष्य कोण दाखवणार? उलटा मारा आला तर वाचवणार कोण? रशियाची ‘वासिली बिकोव्ह’ वर्गाची गस्तीजहाजं कंटेनरचाच विचार करून आखलेली. 2022 मध्ये काळ्या समुद्रात त्यांना हवाई संरक्षण कमी पडलं, तेव्हा हेलिकॉप्टरच्या डेकवर जमिनीवरची ‘टोर’ यंत्रणा आणून बसवावी लागली. त्याच वर्गातली ‘सर्गेई कोटोव्ह’ मार्च 2024 मध्ये युक्रेनच्या सागरी ड्रोननी बुडवली.

भारताने यातलं काय घ्यावं? (वास्को, गोवा)

तुम्ही वास्कोचे, म्हणजे दुखरी नस तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच गोवा शिपयार्डात दक्षिण कोरियाच्या मदतीने बारा सुरुंगविरोधी जहाजं व्हायची होती, वाटाघाटी फिसकटल्या. जुन्या ताफ्यातलं शेवटचं जहाज 2019 मध्ये निवृत्त झालं आणि तेव्हापासून ती जागा रिकामी आहे. जुलै 2025 मध्ये नव्या जहाजांना प्राथमिक मंजुरी मिळाली, पण मंजुरीपासून धक्क्यापर्यंतचा रस्ता आपल्याकडे किती लांब असतो ते तुम्ही जवळून पाहता.

तोवर सुरुंगांचं काम डब्यात घालावं, असं माझं मत आहे. हे काम संथ असतं, यानं दुरून चालवता येतात आणि त्यांना वाहून नेणारं जहाज खास असावं लागत नाही. मागचा डेक मोकळा आणि क्रेन दणकट असली की पुरे. हवाई संरक्षणाला मात्र हा न्याय लावू नये. तिथे रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रं एकत्रच वाढवावी लागतात.

आणि डबे घेतलेच, तर ते मुंबई बंदराजवळच्या कोरड्या, वातानुकूलित शेडमध्ये राहावेत आणि ते चालवणारी तुकडी डब्यासोबत नेमलेली असावी, जहाजासोबत नव्हे. जहाज बदललं तरी तीच माणसं त्याच डब्याबरोबर जातील.