पावसाळ्यात एकट्याने व्हॅन घेऊन भंडारदऱ्याकडे जायचंय, गाडीतच झोपून ट्रेक करायचेत. जमेल का?

जमेल. पण तुमचा बेत मी थोडा उलटा करीन. तुम्ही लिहिलंय की मारुती ईको व्हॅनच्या मागच्या सीट काढून पलंग बसवलाय, जुलैच्या शेवटी निघायचंय, रोज यादीतल्या (रतनगड, हरिहर वगैरे) एकेका गडाच्या पायथ्याला गाडी लावून तिथंच झोपायचं आणि उजाडलं की चढायला लागायचं. माझं म्हणणं असं की चालायचं पावसात आणि झोपायचं पावसाबाहेर. चाकांवरचं घर सोबत असण्याचा पावसाळ्यात खरा फायदा हाच, आणि नेमका तोच लोक घेत नाहीत.

समुद्राकडून आलेले ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पूर्वेला उतरलं की पाऊस झपाट्याने कमी होत जातो, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. पण किती झपाट्याने, ते गाडी चालवताना कळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पसरणी घाट उतरून तासाभरात वाईला आलं की आकडा हजाराच्या आत. भंडारदऱ्याकडे तीच गत. घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण हे बिरुद जुन्याच नावाला चिकटून आहे). त्याच अकोले तालुक्याच्या पूर्व टोकाला मात्र लोक पावसाची वाट बघत असतात. तेव्हा दिवसभर रतनवाडी, साम्रद, घाटघर या बाजूला मनसोक्त भिजा, आणि चारच्या सुमाराला गाडी काढून राजूर-अकोल्याकडे सरका. राजूरलाच फरक जाणवतो. अकोल्यात तर कित्येकदा दोरीवर कपडे वाळतात, आणि पावसाळी भटकंतीत याहून मोठी चैन नाही.

असं का, ते ओल्या जागी एक रात्र काढलीत की पटेल. बंद गाडीत एका माणसाच्या श्वासाची वाफ रात्रभर पत्र्यावर आणि काचांवर जमत राहते. पहाटे छतावरून थेंब तोंडावर टपकतात. गादी उचलून बघा, खालची बाजू ओलसर लागेल, कारण अंगाची ऊब वरून आणि गार प्लायवूड खालून. तीन दिवसांत त्या गादीला असा कुबट वास सुटतो की तो दिवाळीपर्यंत जात नाही. प्लायला भोकं पाडून घ्या, नाहीतर फळीऐवजी पट्ट्या ठोका, म्हणजे खालून हवा खेळेल. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं खाली ठेवायच्या, बाहेरून व्हायझर, आतून मच्छरदाणीची जाळी. बारा व्होल्टचा छोटा पंखा लावून ठेवा. गार वाटलं तरी बंद करू नका, पांघरूण वाढवा. ओले कपडे आणि बूट झाकणाच्या बादलीत, आणि बादली पलंगापासून लांब. रात्रीच्या कपड्यांचा एक जोड असा ठेवा की तो पाऊस बघणारच नाही.

ईकोचा मागचा दरवाजा वर उघडतो, त्याखाली आयतं छप्पर मिळतं. स्वयंपाक तिथं करा. काचा लावून आत शेगडी पेटवायची नाही आणि झोपताना एसीसाठी इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे जाग यायचीही संधी मिळत नाही.

छतावर सोलर पॅनल टाकलं असेल तर छान, पण जुलैत घाटमाथ्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दिवसचे दिवस आभाळ गच्च असतं. दुसरी बॅटरी गाडी चालू असताना चार्ज होईल अशी जोडणी करून घ्या. रोज संध्याकाळी पूर्वेला जाणार असाल तर तेवढ्या चालवण्यात तुमचं काम भागतं. आणि हो, सीट कायमच्या काढल्यात तर आरटीओची परवानगी लागते. ते कागद नसतील तर निघण्याआधी करून घ्या, अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.

धुकं उतरल्यामुळे किंवा उशीर झाल्यामुळे घाटमाथ्यावरच मुक्काम पडला, तर जागा निवडताना फक्त वर बघा. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला. तीन जिल्ह्यांत नाही तरी तीन वेगळ्या डोंगरांत, पण तिन्ही उताराखालची वस्ती, तिन्ही वेळा सलग जोराचा पाऊस, आणि तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या, तुम्ही निवडलेल्या दिवसांच्या आसपासच्या. उताराखाली, रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या कडेला, मोठ्या झाडाखाली किंवा मोरीच्या जवळ गाडी लावायची नाही, मग जागा कितीही सपाट आणि फोटोजोगी असो. तोंड रस्त्याकडे करून लावा. रात्रभर पावसात हँडब्रेक ओढून ठेवला तर मागचे ड्रम कधीकधी धरतात, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावणं बरं. लाल मातीच्या पटांगणात उतरण्याआधी पायाने दाबून बघा. ईकोचं इंजिन मागची चाकं फिरवतं आणि रिकाम्या गाडीला मागे वजन नसतं, त्यामुळे चिखलात ती जागच्या जागी खड्डा खणत बसते.

धरणाच्या भिंतीजवळ आणि व्ह्यू पॉइंटवर रात्री थांबू नका. मी बाई म्हणून हे सांगतेय असं समजू नका, शनिवारच्या रात्री तिथं जो धिंगाणा चालतो त्यात कुणालाच झोप लागत नाही. त्यापेक्षा गावात कुणाच्या तरी अंगणासमोर विचारून गाडी लावावी आणि जेवण त्यांच्याकडेच सांगावं. पैसे आधी ठरवावेत, द्यावेत, त्यात संकोच नको. आणखी एक गोष्ट शहरातल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही जाताय ते आवणीचे दिवस. सकाळी सात वाजता गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या सोडून कुणी नसतं, सगळं गाव गुडघाभर चिखलात भात लावत असतं. पायथ्याला जाऊन वाटाड्या मिळेल या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी ठरवून ठेवा. आणि खाचरांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर गाडी लावू नका, चिखलणीचा ट्रॅक्टर तिथूनच जातो.

आता ट्रेक. एकट्याने आणि भर पावसात, यासाठी गडाची उंची बघू नका, वाटेत ओढा आहे का ते बघा. रतनगड तुमच्या यादीत पहिला आहे. रतनवाडीतून वर जाताना प्रवरा ओलांडावी लागते, तीही एकदाच नाही. उगमाजवळची प्रवरा म्हणजे एरवी उडी मारून जावं एवढीशी, पण वर रतनगडाच्या माथ्यावर ढग फुटला तर तुम्ही उभे आहात तिथं ऊन असूनही पाणी वाढतं. सकाळी जाताना पाण्याच्या काठाला एक दगड ठेवून पुढे पाच मिनिटं बसा. दगड बुडाला, पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, की परत फिरा. आणि तुम्ही पलीकडे असताना असं झालं तर पलीकडेच थांबा, उतरेपर्यंत. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी जसं चढतं तसं काही तासांत उतरतंही. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी एकट्याने ओलांडायचं नाही, काठी असो वा दोर. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती आली तेव्हा तिथं पाण्यात निवांत उभं राहता येत होतं.

रतनवाडीतल्या एका मावशींनी मला एकदा चहा देता देता विचारलं होतं, "एकलीच आलीस का गं? मग आज देवळापर्यंत जा, गडाचं नाव काढू नको. पोरं सकाळी वढ्यावरून माघारी आलीत." पाऊस तेव्हा थांबलेला होता, आभाळ चांगलं उघडलं होतं. अमृतेश्वराचं देऊळ बघितलं आणि अकोल्याला जाऊन झोपले. गावातल्या माणसाने नको म्हटलं की आपलं ॲप काय म्हणतंय ते बघूच नये.

ॲपवरून आठवलं. हवामान खात्याचा अंदाज बघताना जिल्ह्याचा आकडा वेगळा आणि घाटाचा वेगळा वाचा. पुण्यात रिमझिम आणि ताम्हिणी घाटात प्रलय, हे नेहमीचं. घाटासाठी ऑरेंज अलर्ट असेल तर मी रस्त्यालगतची भटकंती करते, रेड असेल तर पूर्वेलाच राहते. रेड म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पडण्याची शक्यता, म्हणजे अकोल्याच्या पूर्वेला वर्षभरात जेवढा पडतो त्याचा मोठा हिस्सा एका दिवसात. जोराच्या पावसात जिल्हाधिकारी धबधबे आणि गड बंद करतात, तो आदेश निघाला असेल तर वाद घालत बसू नका.

तुमच्या यादीतला हरिहर या दिवसांत काढून टाका. ओल्या खड्या पायऱ्यांपेक्षा त्यावरच्या गर्दीची भीती मोठी. सांदण दरी पावसाळ्यात बंदच समजा, ती पाण्याचीच वाट आहे. हरिश्चंद्रगड पाचनईकडून, तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सोबत कुणी असेल तर. कळसूबाई बारीतून एकट्याला चालेल. १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक, पण वाट मळलेली, अवघड जागी शिड्या आणि रेलिंग, वर्दळ भरपूर. फक्त शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट टाळा, शिड्यांवर रांग लागते आणि मागचा माणूस तुमच्या डोक्यावर उभा असतो. वारा जोरात असेल तर शेवटच्या शिडीच्या खालूनच वळा, वर धुक्याशिवाय तसंही काही दिसत नाही.

उरलेल्या दिवसांसाठी धरणाभोवतीचा रस्ता आहे: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. गाडी जागोजागी लावून खाचरांच्या बांधांवरून, सड्यांवरून (खडकाळ पठारांवरून) चालायला महिना पुरणार नाही. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की मागे घ्यावं लागतं, म्हणून ईको आहे ते बरंच आहे, मोठी कॅरव्हॅन असती तर तुम्हाला येऊ नका म्हटलं असतं. टाकी घोटी किंवा अकोल्यात भरून घ्या. रेंजचा भरवसा नाही, तेव्हा कुठे जाताय आणि किती वाजता खाली येणार ते एका घरी सांगून जा आणि आल्यावर सांगायला विसरू नका, नाहीतर ती माणसं बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतात. ११२ शिवाय महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर शोधून कागदावर लिहून ठेवा, ओला फोन ऐनवेळी उघडत नाही.

आणि तारीख हलवता येत असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बघा. पाऊस असतो पण मध्ये उघडीप देतो, ओढे उतरलेले असतात, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात, आणि आवणी उरकल्यामुळे गावात बोलायला माणसं सापडतात.